मिळून एकूण साठ

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमगर्भ तळावर त्या सकाळी एका गहन प्रश्नावर खल चालला होता. 'सगुणा' हा शब्द उलटा केला तर काय होतं?

"णागुस," सगुणा तांडेल म्हणाली. स्वतःच्या नावाची अशी वाट लागलेली ऐकून तिलाच हसू आलं.

"आता संगणकावरची तुझी आज्ञावली काय म्हणते ते बघ," कमलाकर ओगले म्हणाले.

आज्ञावलीचं म्हणणं निराळं होतं. पडद्यावर सगळ्यात आधी एक नुसता काना उमटला होता, टेकायला अक्षर नसलेला, आणि त्याच्यामागे 'णुगस'. भोजनगृहाच्या कोपऱ्यात भरलेल्या वर्गातले चारही विद्यार्थी खो खो हसले.

"हसू नका. यंत्राचं काही चुकलेलं नाही," ओगले म्हणाले. "त्याच्या लेखी काना वेगळा, उकार वेगळा, ण वेगळा. तुम्ही उलटं कर म्हणालात, त्याने केलं. अक्षर कुठे तोडायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. आपण सांगू ते यंत्र करतं. आपल्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही."

हे ओगल्यांचं पालुपद होतं. हयातभर त्यांनी मोठमोठ्या यानांच्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या आणि आता ते तळाचे संगणकप्रमुख होते. तरी दर आठवड्याला ते हा बिगरीचा वर्ग हौसेने भरवत. शब्द उलटा करा. संख्या उलटी करा. दोन शब्दांत कितवं अक्षर वेगळं आहे ते सांगा. गर्दीतून एकटी पडलेली संख्या हुडकून काढा. बर्फाच्या खाणीवरचे अभियंते, डॉक्टर, सगुणासारखे भूवैज्ञानिक, ज्याला हौस असेल तो येऊन बसे. तळप्रमुख जयसिंग घोरपडे यांना मात्र ही हौस नव्हती.

"ओगले, अक्षरं उलटीपालटी करायला आपण एवढ्या लांब आलो का हो?" चहा घ्यायला आलेल्या घोरपड्यांनी जाता जाता चिमटा काढला.

"मोठी यंत्रं मोठ्या गणितात चुकत नाहीत, साहेब. ती बिगरीतच चुकतात."

घोरपडे हसले आणि चहाचा पेला घेऊन तिथेच टेकले. मनाने चांगला माणूस, पण शिस्तीला भारी कडक. बाहेर गेलेला प्रत्येक जण नोंदला गेला पाहिजे आणि परत आलेला प्रत्येक जण नोंदला गेला पाहिजे, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं. एकदा एक अभियंता दाराला बिल्ला न टेकवता दुसऱ्याच्या मागोमाग आत शिरला, तर त्याला त्यांनी पुन्हा चांद्रवेश घालायला लावून बाहेर पाठवलं होतं आणि रीतसर आत घेतलं होतं. खोटी नोंद म्हणजे खोटी साक्ष, असं ते म्हणत.

आज वर्गाची परीक्षा होती. खरं म्हणजे आज मनोऱ्यावर जायची पाळी सगुणाची होती. विवराच्या काठावर सौरपट्ट्यांचा मनोरा होता, आणि तिथवरच्या घसरणीवर चंद्रगाडी घालायची छाती तळावर दोघांचीच: सगुणाची आणि तिच्या नवऱ्याची, रोहिदासची. "तुझा पेपर आहे ना? मी जातो," सकाळी रोहिदास म्हणाला होता. "मात्र नापास झालीस तर माझं नाव लावू नकोस." आणि जोडीला आंतोन डिमेलोला घेऊन तो गेलाही होता.

सगुणाने शेवटचं उत्तर लिहिलं आणि कागद ओगल्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिथल्या तिथे तपासला. शेवटचा प्रश्न असा होता: 'द्वारफलकावरचे सगळे दिवे विझलेले आहेत. बाहेर किती माणसं आहेत?' सगुणाने लिहिलं होतं, 'एकही नाही.' ओगल्यांनी त्यापुढे बरोबरची खूण केली आणि वर लिहिलं, पैकीच्या पैकी.

"हा काय प्रश्न झाला?" घोरपडे म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? त्या फलकाला मंजुरी मी दिली, पण तो मला कधी नीटसा कळला नाही."

ओगल्यांना तेवढंच हवं होतं. भिंतीवर एका ओळीत सहा दिवे असलेला फलक होता. दिव्यांखाली आकडे रंगवलेले होते: बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक.

"आपण एकसष्ट माणसं. प्रत्येकाच्या बिल्ल्याला क्रमांक. या सहा आकड्यांच्या बेरजेतून यातला कुठलाही क्रमांक बनतो. तीन म्हणजे दोन आणि एक. पाच म्हणजे चार आणि एक. तुम्ही बिल्ला दाराला टेकवलात की तुमच्या क्रमांकाचे दिवे उलटतात. विझलेला लागतो, लागलेला विझतो. जाताना टेकवला, उलटले. येताना टेकवला, पुन्हा उलटले. म्हणजे होते तसे. फिट्टंफाट!"

"आणि मधल्या वेळात दुसरी पन्नास माणसं गेली आली तर?"

"जाऊ देत की. कुठल्याही क्रमाने जाऊ देत. परतलेला प्रत्येक जण आपल्यापुरतं मिटवून टाकतो. सगळे आले की फलक काळा. एकच राहिला, तर त्याचाच क्रमांक उरतो. पुस्तकात या क्रियेला जडजंबाल नाव आहे. मी तिला फिट्टंफाट म्हणतो. एकसष्ट माणसांचा हिशेब, आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी फक्त सहा."

"पण आपल्याकडे एवढे संगणक असताना..."

"सौरवादळात ते बंद करावे लागतात, साहेब. सूर्यावरून येणारे कण त्यांच्या स्मृतीतले बिट उलटेपालटे करून टाकतात. हा फलक चालतो खटक्याने उलटणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. वादळाने उलटावं असं त्याच्यात काही नाही."

"आणि तो काळा झाला की झडप पडते. तेवढं मला कळतं, कारण ते मीच घालायला लावलं," घोरपडे म्हणाले. वादळाचा इशारा वाजल्यानंतर फलक काळा झाला, की तळाच्या दारांवर शिशाच्या जाड झडपा आपोआप पडत आणि वादळ सरेपर्यंत उचलत नसत. "त्यात माणसाचा हात नको, असं मीच बजावलं होतं. घाबरून कुणी लवकर पाडू नये, आणि मायेपोटी कुणी उघडी ठेवू नये."

हे बोलणं संपतं न संपतं तोच इशारा वाजला.

सौरवादळ नेहमी थोडा अवधी देऊन येतं. या वेळी तो फारच थोडा होता. बाहेरच्या माणसांनी जवळ असेल त्या आसऱ्याला धावायचं, असा नियम. एक आसरा म्हणजे मुख्य तळ आणि दुसरा खाणीजवळचं भुयार. दोन्हीकडची दारं पुरलेल्या तारेने त्याच एका फलकाला जोडलेली होती. दिवे भराभर उलटू लागले. ओगल्यांनी संगणक एकेक करून बंद केले. मग फलक स्थिरावला, आणि तो काळा नव्हता.

ओगल्यांनी मुख्य तळावरची माणसं मोजली: बावीस. घोरपड्यांनी भुयाराला दूरध्वनी लावला. तिथल्या प्रमुख फरीदा मुल्ला, मिरजेच्या. तारेत नुसती खरखर होती.

"आमच्याकडे बावीस, फरीदाबाई! बावीस! तुमचे मिळवून सांगा!"

पलीकडून तुटक तुटक आवाज आला. "हिकडचे तिकडचे मिळून एक..." खरखर. "...ण साठ. अन्..."

तार गप्प झाली. घोरपड्यांनी पुन्हा पुन्हा हाका मारल्या आणि शेवटी दूरध्वनी ठेवला.

"मिळून एकूण साठ," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "एकसष्टातले साठ आत. एक जण बाहेर आहे."

सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या. बत्तीसचा दिवा लागलेला होता, सोळाचा लागलेला होता, चारचा आणि एकचा. वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ओठ हलवत बेरीज केली.

"त्रेपन्न," ओगले म्हणाले. "त्रेपन्न कोण?"

सगुणाने गळ्यातला बिल्ला हातात घेऊन पाहिला, जणू तो आपलाच आहे याची खात्री नसावी.

"त्रेपन्न मी आहे," ती म्हणाली.

घोरपड्यांचा चेहरा लाल झाला. "वा! माणूस बाहेर मरणाच्या दारात आहे आणि तुमचा फलक सांगतो, ही समोर बसलेली बाई हरवली आहे!"

"रोहिदासने चुकून हिचा बिल्ला नेला असेल," कुणीतरी म्हणालं. पण बिल्ला तर तिच्याच गळ्यात होता आणि काल संध्याकाळपासून तिने तो दाराला टेकवलेला नव्हता.

"मग पाळी हिची होती म्हणून."

"फलकाला पाळ्या ठाऊक नाहीत," ओगले म्हणाले. "त्याला फक्त दिवे उलटता येतात."

पेच साधा होता आणि भयंकर होता. सकाळी पाच जोड्या पाच ठिकाणी गेल्या होत्या. भुयारात कोण पोचलं, कोण नाही, हे कळायला आता मार्ग नव्हता. कणांपासून आडोसा असलेली चंद्रगाडी तळावर एकच उरली होती. चांद्रवेशातली हवा संपायच्या आत ती एका ठिकाणी जाऊन येऊ शकली असती, फार तर एकाच. नाव कळलं तर जागा कळणार होती. आणि नाव म्हणून फलक सगुणाचं नाव घेऊन बसला होता.

"सर, रोहिदास," सगुणा म्हणाली.

"तो भुयारात असेल," घोरपडे एकदम मऊ आवाजात म्हणाले. "मनोऱ्याहून भुयारच जवळ पडतं. तुझ्या नवऱ्यासारखा गाडी हाकणारा माणूस मागे राहील का?"

तिने मान हलवली. पण त्याच्या जागी आपण असायला हवं होतं, एका पेपरापायी तो गेला, हे तिच्या मनातून जाईना. तिला स्वतःचा राग आला, पेपराचा आला, पैकीच्या पैकी मार्कांचा आला.

ओगले फलकासमोर खुर्ची ओढून बसले होते. उत्तर चुकलं की विद्यार्थ्यांना ते एकच सांगत: उत्तराकडे बघत बसू नका, प्रश्न पुन्हा वाचा. आता त्यांनी तेच केलं.

"एकटी संख्या शोधायच्या कोड्यात दिलेलं काय असतं?" ते मोठ्याने म्हणाले. "गर्दीत एकच संख्या एकटी आहे, हे दिलेलं असतं. ते आपण तपासत नाही. दिलेलंच आहे म्हणून धरून चालतो. ते इथे कुणी दिलं?"

"फरीदाबाईंनी," घोरपडे म्हणाले. "एकसष्टातून साठ गेले, राहिला एक. यात कसली शंका?"

"त्या काय म्हणाल्या? अक्षरन् अक्षर सांगा."

"हिकडचे तिकडचे मिळून एकूण साठ."

"मिळून एकूण साठ," ओगले पुटपुटले. "मिळून. एकूण. साहेब, तुम्ही फरीदाबाईंबरोबर इतकी वर्षं काम करता. एका शब्दात भागत असेल तर त्यांनी दोन वापरल्याचं आठवतं?"

"'बरं' म्हणायलासुद्धा काटकसर करते ती. पण त्याचं काय?"

"मिळून म्हणजेच एकूण. दोन्ही कशाला म्हणतील?"

सगुणाने तोंडावर हात ठेवला.

"एकोणसाठ," ती म्हणाली. "त्या 'मिळून एकोणसाठ' म्हणाल्या."

एकूण साठ आणि एकोणसाठ. 'क'च्या पायाशी ऊकार की माथ्यावर ओकार, एवढाच फरक. त्या खरखरीत देवालाही तो ऐकू आला नसता. ज्या भाषेत एकाने कमी असलेली संख्या सांगायला पुढच्या दशकाचं नाव घ्यावं लागतं, त्या भाषेत हे कधीतरी होणारच होतं.

"एका काना-मात्रेत माणूस गमावत होतो," घोरपडे खाली बसत म्हणाले. "दोघं आहेत बाहेर. दोघं!"

"आणि म्हणून फलक खोटं बोलत नाही," ओगले म्हणाले. त्यांच्या आवाजात आता घाई होती. "दोघं बाहेर असले तर दोघांचे दिवे एकमेकांत मिसळतात. तीन आणि पाच बाहेर आहेत समजा. तीनचे दिवे दोन आणि एक. पाचचे चार आणि एक. एकचा दिवा दोघांचाही, तो दोनदा उलटला, म्हणजे विझला. उरले चार आणि दोन. फलक म्हणेल, सहा. आणि सहा नंबरचा गडी बिचारा आत जेवत असेल! पाळीवर जोडीने जातात, जोडीनेच राहिले असणार. पाच जोड्यांचे क्रमांक सांगा."

घोरपडे तोंडपाठ सांगू लागले. ओगले एकेक जोडी बोटांवर उलटवून बघत. पहिली जुळली नाही. दुसरी जुळली नाही. तिसरी घोरपड्यांनी सांगितली, "पंचवीस आणि चव्वेचाळीस," आणि सगुणा उठून उभी राहिली, कारण पंचवीस रोहिदास होता.

"पंचवीस म्हणजे सोळा, आठ आणि एक," ओगले म्हणाले. "चव्वेचाळीस म्हणजे बत्तीस, आठ आणि चार. आठ दोघांकडे आहे, तो गेला. उरले बत्तीस, सोळा, चार..."

"आणि एक," सगुणा म्हणाली. "त्रेपन्न."

उरलेल्या दोन जोड्या ओगल्यांनी तरीही तपासल्या. जुळल्या नाहीत. तोवर सगुणा चांद्रवेशाच्या खोलीत पोचली होती. तिला कुणी अडवलं नाही, अडवण्यात अर्थही नव्हता. मनोऱ्याच्या घसरणीवर गाडी घालणारी माणसं दोनच, आणि दुसरा त्या घसरणीच्या टोकाशी अडकलेला.

बाहेर पडण्याआधीच्या दाबकक्षाचं आतलं दार बिल्ला टेकवल्याशिवाय उघडत नसे. सगुणाने शिरस्त्राण चढवलं, बिल्ला हातात घेतला आणि हात उचलला.

"थांब!" ओगले पळत येत होते. त्या वयात आणि चंद्राच्या त्या हलक्या ओढीत ते पळणं म्हणजे अर्ध्या उड्याच होत्या. "सगुणा, टेकवू नकोस! फलकावर काय आहे?"

"त्रेपन्न."

"आणि तू कोण आहेस?"

तिने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. हळूहळू तिचा हात खाली आला.

मागून आलेल्या घोरपड्यांना अजून उमगलं नव्हतं. ओगल्यांनी धापा टाकत सांगितलं, "फलकावर जे दिवे लागलेत तेच हिचे दिवे. हिने बिल्ला टेकवला की चारही विझतील. फलक काळा होईल. फलकाच्या मते सगळे आत. ही बाहेरच्या दारातून गेली की मागे झडप पडेल, आणि वादळ सरेपर्यंत उचलणार नाही. तिघं बाहेर, आणि फलक म्हणणार, कुणीच नाही."

"दुसऱ्या कुणाचा बिल्ला घेऊन जाऊ दे तिला!"

"बिल्ला चांद्रवेशाशी जुळल्याशिवाय दार उघडत नाही. तुमचाच नियम, साहेब. खोटी नोंद होऊ नये म्हणून."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शिरस्त्राणाच्या आत तिला ते पुसताही येईना. "म्हणजे सगळ्या तळावर मी एकटीच जाऊ शकते," ती म्हणाली, "आणि मी एकटीच जाऊ शकत नाही."

घोरपडे दाराकडे बघत उभे राहिले. आपलेच नियम एकेक करून असे पुढ्यात येऊन बसलेले माणसाला फार क्वचित बघावे लागतात. मग त्यांनी आपल्या गळ्यातला बिल्ला काढला.

"ओगले, फलक काळा व्हायला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"कुठलाही एक दिवा लागलेला पुरे?"

"पुरे. पण साहेब, दिवा लागलेला असेपर्यंत झडप उघडी. आतल्या सगळ्यांना थोडेफार कण सोसावे लागतील."

"ती जबाबदारी माझी. सगळ्यांना आतल्या खोल्यांत न्या." घोरपड्यांनी भिंतीवरून आपला चांद्रवेश काढून हातावर घेतला, त्याच्याजवळ बिल्ला धरला आणि दाराला टेकवला. दार उघडलं. ते आत गेले नाहीत. "बिल्ला क्रमांक एक, जयसिंग घोरपडे, बाहेर गेला," ते म्हणाले. "माझी पहिली खोटी नोंद. आता जा, पोरी."

फलकावरचा एकचा दिवा विझला. मग सगुणाने बिल्ला टेकवला. बत्तीस विझला, सोळा विझला, चार विझला, आणि नुकताच विझलेला एकचा दिवा पुन्हा लागला. तो तेवढाच एक दिवा जागा होता, आणि दारावरची झडप जिथल्या तिथे राहिली.

सगुणा गेली. घोरपड्यांनी दाबकक्षाच्या दाराशी एक खोका ओढून घेतला आणि त्यावर बसले. ओगले त्यांना आतल्या खोलीत बोलवायला आले.

"मी बाहेर आहे," घोरपडे म्हणाले. "बाहेरच्या माणसाने आत जाऊन बसू नये."

"निदान चहा तरी?"

"बाहेर चहा मिळत नाही, ओगले."

ओगले फलकापाशी जाऊन उभे राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं. वाट बघण्याइतकं अवघड काम त्यांना कुठल्याही आज्ञावलीत कधी लिहावं लागलं नव्हतं. यंत्र वाट बघतं तेव्हा त्याला काही वाटत नाही. ओगल्यांना मात्र राहून राहून तो कागद आठवत होता, आणि त्यावरची आपल्या हातची बरोबरची खूण.

आणि मग दिवे उलटले. सोळा लागला, आठ लागला, एक विझला.

"पंचवीस!" ओगले ओरडले. "साहेब, रोहिदास!"

पाठोपाठ बत्तीस लागला, आठ विझला, चार लागला. "चव्वेचाळीस! आंतोन आला!"

आता फलकावर बत्तीस, सोळा आणि चार होते. घोरपडे आणि सगुणा मिळून तेवढे होतात. ओगले त्या तीन दिव्यांकडे डोळे लावून होते. ते विझेनात. दाबकक्षात दोघांपुरतीच जागा होती, हे ठाऊक असूनही ओगले बोटांवर पुन्हा बेरीज करू लागले. अखेर तिन्ही एकदम विझले आणि एकचा दिवा लागला.

आता तिघंही आत होती. वादळाच्या पहिल्याच तडाख्यात रोहिदासची गाडी बंद पडली होती आणि मनोऱ्याच्या पायाशी, उकरलेल्या मातीच्या आड, दोघं पडून राहिले होते. आंतोनला बोलायचं त्राण नव्हतं. घोरपड्यांनी तिघांच्याही खांद्यांना आळीपाळीने हात लावून पाहिला, फलकावर आता त्यांचा विश्वास उरला नसावा.

"आता तुम्ही या आत, साहेब," ओगले म्हणाले. "फलक सांगतो, तुम्ही एकटेच बाहेर राहिलात."

घोरपड्यांनी चांद्रवेश हातावर घेऊन बिल्ला टेकवला. शेवटचा दिवा विझला आणि सबंध तळ हादरवत शिशाची झडप पडली.

डॉक्टरांनी दोघांना तपासलं, पाणी पाजलं, आतल्या खोलीत आडवं केलं. सगुणा रोहिदासचा हात धरून बसली होती. तिला रडायचं होतं, हसायचंही होतं, आणि दोन्ही एकदम होत होतं. रोहिदासने डोळे उघडले.

"पेपर कसा गेला?" त्याने विचारलं.

"पैकीच्या पैकी."

"नाही," ओगले म्हणाले. ते कागद घेऊनच आले होते. शेवटच्या प्रश्नापुढची बरोबरची खूण त्यांनी खोडली. "एक चुकलं आहे. उत्तर लिहिणारीपेक्षा तपासणाऱ्याची चूक मोठी. पण चूक ती चूक."

सगुणाने प्रश्न पुन्हा वाचला. सगळे दिवे विझलेले आहेत. बाहेर किती माणसं आहेत? तिने 'एकही नाही' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सांगता येत नाही.'

घोरपड्यांनी तिच्या खांद्यावरून ते उत्तर वाचलं आणि वळून उघड्या दारातून काळ्या फलकाकडे पाहिलं.

"म्हणजे आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा," ओगले म्हणाले. "फलकावरून सांगता येत नाही. माणसं मोजावी लागतात."

मघाशी बावीस होते. त्यांत दोन आले, चोवीस. घोरपड्यांनी बोट पुढे केलं आणि खोल्याखोल्यांतून फिरत एकेका माणसाला निरखून मोजायला सुरुवात केली. आडव्या पडलेल्या दोघांना मोजलं, डॉक्टरांना मोजलं, ओगल्यांना मोजलं, सर्वांत शेवटी सगुणाला मोजलं. मग ते जागच्या जागी थिजले.

"तेवीस," ते म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तेवीस. "ओगले, तेवीसच भरतायत! कोण राहिलं? कोण राहिलं बाहेर?"

सगुणाने रोहिदासचा हात सोडला आणि उठून घोरपड्यांचं ते पुढे केलेलं बोट धरलं. अलगद वळवून तिने ते त्यांच्याच छातीवर टेकवलं.

"या, सर," ती म्हणाली. "आत या."